पाठीवरच्या कवटीची किंमत

मामा मुंबई पोलिसांतून सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १९९९ साली संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, म्हणजे मोक्का, आला तेव्हा ते गुन्हे शाखेत होते. भाची माँट्रियलमध्ये फौजदारी वकिली करते, तीही बचाव पक्षाची. हेल्स एंजल्ससारख्या मोटारसायकल क्लबांवर सरसकट बंदी घालावी का, यावर दोघांचं एकमत होण्याची शक्यता आधीपासूनच कमी होती. त्यांच्यातलं बोलणं असं झालं.

मामा : तुमच्या कॅनडाचं एक कोडं मला सुटत नाही. १९९४ ते २००२ या काळात क्युबेकमध्ये मोटारसायकलवाल्यांच्या दोन टोळ्या लढल्या. दीडशेहून जास्त मुडदे पडले, ऐंशीहून जास्त बाँबस्फोट झाले. एवढं होऊनही हेल्स एंजल्सचा सभासद असणं हा तिथं आजही गुन्हा नाही. आमच्या मोक्कात बघ, कलम तीन, पोटकलम चार. संघटित टोळीचा सभासद असल्याचं सिद्ध झालं की किमान पाच वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. विषय मिटला.

भाची : मिटत नाही मामा, खरी भानगड तिथूनच सुरू होते. टोळी म्हणायचं कुणाला? मोक्काला दोन माणसं पुरतात. कॅनडानं १९९७ मध्ये पहिला टोळीविरोधी कायदा केला तेव्हा किमान पाच माणसं लागायची; २००२ पासून तीन. शिवाय गंभीर गुन्हे करून पैसा मिळवणं हा त्या गटाचा एक मुख्य हेतू असला पाहिजे. आणि नुसत्या सभासदत्वाला शिक्षा नाही. गटाची गुन्हे करण्याची ताकद वाढेल असं काही करणं, गटासाठी गुन्हा करणं, गटातर्फे गुन्हा करायला सांगणं, या तिन्हीला शिक्षा आहे. माणसानं काय केलं ते विचारायचं. तो कुणाबरोबर बसतो ते नाही.

मामा : कुणाबरोबर बसतो यावरूनच तर काय करतो ते कळतं. तीस वर्षं मी हेच केलं.

भाची : तपास सुरू करायला ते पुरेसं आहे. शिक्षा द्यायला नाही. आणि हे लोक जन्मले तेही काही खंडणीखोर म्हणून नव्हे. दुसऱ्या महायुद्धातून परतलेली पोरं, हातात सैन्याचे पैसे, स्वस्तात मिळणाऱ्या मोटारसायकली. जुलै १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावात शर्यतींच्या निमित्तानं दंगा झाला. 'लाइफ' मासिकानं बिअरच्या बाटल्यांच्या ढिगात मोटारसायकलवर रेललेल्या एका माणसाचा फोटो छापला. तो मुद्दाम जुळवून घेतला होता, असं प्रत्यक्षदर्शी सांगत राहिले. तेवढ्यानं 'मोटारसायकलवाला गुंड' ही प्रतिमा तयार झाली. पुढच्याच वर्षी हेल्स एंजल्स निघाले. शंभरातले नव्याण्णव मोटारसायकलवाले कायद्यानं वागतात, असं अमेरिकन मोटारसायकल असोसिएशन म्हणाली अशी दंतकथा पसरली आणि उरलेला एक टक्का म्हणजे आम्ही, असं म्हणत या लोकांनी ते जाकिटावर शिवून घेतलं. असोसिएशनच्या दप्तरात त्या विधानाची नोंद नाही.

मामा : म्हणजे गुंड म्हणवून घेण्याची हौस यांचीच.

भाची : हौस होती, मान्य. पण हौसेला तुरुंगवास द्यायचा का? आपल्याकडच्या बुलेट क्लबातली पोरंही आता पाठीवर तसलाच पॅच लावून गोव्याला जातात. त्यांना काय मोक्का लावणार?

मामा : त्या पोरांचा पॅच शिंपी शिवतो, कुणालाही मिळतो. हेल्स एंजल्सचा मिळतो का? आधी नुसतं घुटमळायचं, मग उमेदवारी, मग सगळ्यांच्या मतानं पूर्ण पॅच. काढून टाकलं तर पॅच परत, कारण तो माणसाचा नाही, क्लबाचा. पंखवाल्या कवटीचा ट्रेडमार्क त्यांनी नोंदवलाय. २००६ मध्ये एका विनोदी सिनेमावरून डिस्नेवर दावा, २०१० मध्ये अलेक्झांडर मॅक्वीनच्या फॅशन कंपनीवर दावा. एवढं जपतात, कारण त्या कवटीला बाजारात भाव आहे. आणि तो भाव कसा चढला ते क्युबेकला विचार.

भाची : तो इतिहास मी बदलणार नाही. १९७७ च्या डिसेंबरात माँट्रियलजवळच्या सोरेल गावात हेल्स एंजल्सची कॅनडातली पहिली शाखा सुरू झाली. १९८५ च्या मार्चमध्ये लेनॉक्सव्हिलच्या क्लबघरात त्यांनी आपल्याच लव्हाल शाखेतल्या पाच जणांना गोळ्या घातल्या आणि प्रेतं झोपायच्या पिशव्यांत भरून सेंट लॉरेन्स नदीत सोडली. आरोप काय, तर विकायचं कोकेन स्वतःच ओढतात आणि पैशात घोळ करतात.

मामा : ऐक, हे तूच सांगतेयस. हिशेबात घोळ केला म्हणून सभासदाला मारणारा क्लब! कुठल्या जिमखान्यात असं होतं?

भाची : त्या हत्याकांडाची किळस येऊन काही जण बाहेर राहिले आणि त्यांनी रॉक मशीन नावाचा वेगळा क्लब उभा केला. पुढचं युद्ध माँट्रियलच्या बारमध्ये किरकोळीनं अमली पदार्थ कुणी विकायचे यावरून. हेल्स एंजल्सतर्फे मॉरिस बूशे, टोपणनाव 'मॉम'. १९९५ मध्ये त्यानं नोमॅड्स नावाची निवडक शाखा काढली. हाताखाली रॉकर्स नावाचा दुय्यम क्लब. खुनाचं, धमकीचं, मालाचं काम रॉकर्सनी करायचं, हिशेब नोमॅड्सनी बघायचा.

मामा : पंटर खाली, भाई वर.

भाची : तेच. ऑगस्ट १९९५ मध्ये जीपखाली लावलेला बाँब फुटला, त्याचा तुकडा लागून रस्त्यावर खेळणारा अकरा वर्षांचा मुलगा गेला. तोवर लोक म्हणत होते, गुंड गुंडांना मारतायत, मारू देत. त्या मुलाच्या आईनं टोळीविरोधी कायद्यासाठी आवाज उठवला आणि १९९७ चा कायदा आला. त्याच वर्षी बूशेच्या सांगण्यावरून तुरुंगाच्या दोन रक्षकांना ठार केलं गेलं. हिशेब असा, की रक्षक मारणाऱ्याला सरकार माफीचा साक्षीदार कधीच करणार नाही, म्हणजे तो मारेकरी कायमचा आपला.

मामा : आणि तोच मारेकरी साक्षीदार झाला.

भाची : झाला. तरी १९९८ मध्ये ज्यूरीनं बूशेला निर्दोष सोडलं. त्याच रात्री तो बॉक्सिंगचा सामना बघायला गेला आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. सप्टेंबर २००० मध्ये गुन्हेगारीचा वार्ताहर मिशेल ओजे याच्यावर वर्तमानपत्राच्या पार्किंगमध्येच गोळ्या झाडल्या. तो वाचला. अपील न्यायालयानं पुन्हा खटला चालवायला लावला आणि २००२ मध्ये बूशेला जन्मठेप झाली. २०२२ मध्ये तो कैदेतच कर्करोगानं गेला.

मामा : टाळ्यांचं बघ. खून करवणारा माणूस कोर्टातून सुटतो आणि स्टेडियम टाळ्या वाजवतं. ही त्या पॅचची ताकद. सरकारनं आधीच सांगायला हवं होतं, की ही कवटी बेकायदा आहे. दोन हजार सालच्या डिसेंबरात काय झालं? ओंटारिओतल्या वेगवेगळ्या क्लबांचे दीडशेहून जास्त लोक सोरेलला गेले, जुने पॅच उतरवले आणि एका दिवसात हेल्स एंजल्स होऊन परतले. एका रात्रीत माणसं बदलली का? नाही. धमकीचं भांडवल वाढलं. आमच्याकडे दुबईहून फोन यायचा, 'भाईचा माणूस बोलतोय' एवढंच. पुढचं वाक्य बोलायची गरज नसे. बिल्डर पैसे काढून ठेवायचा. जुन्या खुनांवर नवी वसुली चालते. कवटीचंही तेच आहे.

भाची : हा मुद्दा कॅनडातल्या एका न्यायालयानं स्वीकारलाय. ओंटारिओतल्या बॅरी गावी, जानेवारी २००२. हेल्स एंजल्सची जाकिटं घातलेले दोघे एका व्यापाऱ्याच्या दारात आले आणि पंचाहत्तर हजार डॉलर मागितले. व्यापारी पोलिसांकडे गेला आणि पुढच्या भेटीत अंगावर मायक्रोफोन लावून बसला. २००५ मध्ये न्यायाधीश मिशेल फ्यूर्स्ट यांनी निकाल दिला, की हेल्स एंजल्स ही कॅनडाभरातली गुन्हेगारी संघटना आहे आणि त्या दोघांनी कवटी शस्त्रासारखी वापरली. अपिलातही शिक्षा टिकली.

मामा : मग झालं तर! एकदा न्यायालयानं सांगितलं, आता बंदीच्या यादीत नाव घाला.

भाची : तसं होत नाही. एका खटल्यातला निष्कर्ष दुसऱ्या आरोपीला बांधत नाही, कारण त्याला त्यावर उलटतपासणी करायची संधीच मिळालेली नसते. ब्रिटिश कोलंबियात पुढे तसाच प्रश्न आला तेव्हा तिथल्या न्यायाधीशांना व्हँकुव्हरच्या ईस्ट एंड शाखेबद्दल पुरावा अपुरा वाटला. प्रत्येक वेळी सरकारी वकिलानं पहिल्यापासून सिद्ध करायचं.

मामा : हा वेडेपणा आहे. गंगा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, हे दर खटल्यात सिद्ध करायचं का?

भाची : गंगेला शिक्षा होणार नसते, मामा. इथं माणसाला होते. सरकारला ही मेहनत माफ केली की काय होतं, त्याचे नमुने आहेत. मे २०१५, टेक्सासातलं वेको. एका रेस्टॉरंटच्या आवारात बँडिडोस आणि कॉसॅक्स या क्लबांत गोळीबार झाला, नऊ ठार. पोलिसांनी १७७ लोकांना पकडलं. वॉरंटचा मजकूर एकच, नुसती नावं वेगळी. प्रत्येकाला दहा लाख डॉलरचा जामीन. नोकऱ्या गेल्या, घरं मोडली. मृतांपैकी काहींना पोलिसांच्याच बंदुकीच्या गोळ्या लागल्याचं निघालं. एक खटला चालला, ज्यूरीचं एकमत झालं नाही. एप्रिल २०१९ मध्ये उरलेले सगळे आरोप मागे. नऊ मृत्यू आणि दोषी शून्य.

मामा : ते तपासाचं अपयश. कायद्याचं नव्हे.

भाची : मग कायद्याचं ऐका. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडनं २०१३ मध्ये कायदा केला, की टोळीच्या माणसानं गुन्हा केला तर मूळ शिक्षेवर पंधरा वर्षं जादा, पदाधिकारी असला तर पंचवीस. जाहीर केलेल्या क्लबाचे तिघे सार्वजनिक जागी एकत्र दिसले तर किमान सहा महिने आत. लगेच यांडिना नावाच्या खेड्यात पबमध्ये बिअर पीत बसलेले पाच जण पकडले. ती केस पुढे टिकली नाही आणि सरकार बदलल्यावर २०१६ मध्ये कायदाच रद्द झाला.

मामा : तू वाईटच उदाहरणं वेचतेस. नेदरलँड्सचं का नाही सांगत? तिथं मंत्र्यानं यादी काढली नाही. सरकारी वकील न्यायालयात गेले, पुरावे मांडले, क्लबाला बाजू मांडू दिली आणि २०१९ मध्ये न्यायालयानं हेल्स एंजल्सवर बंदी घातली. त्याआधी बँडिडोसवर, सातुदारा या क्लबावर. यात तुझ्या उलटतपासणीला कुठे धक्का लागला?

भाची : हा युक्तिवाद भक्कम आहे, नाही म्हणत नाही. मंत्र्याच्या सहीपेक्षा न्यायालयाची बंदी शंभर पटींनी बरी. पण बंदीनंतर? रॉक मशीनची गोष्ट बघा. सुरुवातीच्या काळात ते पाठीवर पॅच लावतच नसत, बोटात गरुडाची अंगठी घालत. कारण हेच, की पोलिसांना ओळखता येऊ नये. बंदी घाला, जाकिटं कपाटात जातील, अंगठ्या बाहेर येतील. आज पोलीस रस्त्यावर उभा राहून कोण कुठल्या शाखेचा ते मोजू शकतो.

मामा : जाऊ देत कपाटात! पोलिसाला दिसणार नाही हे खरं, पण व्यापाऱ्यालाही दिसणार नाही. कवटी दिसली नाही तर पंचाहत्तर हजार कशाच्या जोरावर मागणार? दिसणं हाच तर त्यांचा धंदा.

भाची : आणि तुमच्या भाईनं कुठलं जाकीट घातलं होतं?

मामा : म्हणजे?

भाची : तुम्हीच म्हणालात, 'भाईचा माणूस बोलतोय' एवढं पुरायचं. मुंबईत ना पॅच होता, ना कवटी, ना क्लबघर. तरी वसुली चालली. भीती कापडात नसते. खून झाले आणि शिक्षा झाली नाही, हे लोकांना ठाऊक असतं, त्यातून भीती येते. कापड काढून घेतलं तरी ते लोकांच्या डोक्यातून जात नाही. अमेरिकेच्या सरकारनं हाही प्रयोग करून पाहिला. मंगोल्स क्लबाला २०१८ मध्ये ज्यूरीनं संघटित गुन्हेगारीत दोषी ठरवलं आणि सरकारनं त्यांचा ट्रेडमार्कच जप्त करायला मागितला. म्हणजे रस्त्यात सभासद दिसला की पोलिसानं जाकीट उतरवून घ्यायचं. न्यायाधीश डेव्हिड कार्टर यांनी नकार दिला. चिन्ह मिरवणं हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येतं, म्हणाले. वरच्या न्यायालयानंही २०२३ मध्ये जप्ती नाकारली.

मामा : बरं. भीती शिक्षा न झाल्यानं वाढते म्हणतेस. मग शिक्षा झाली ती कशानं? तुझ्या सौजन्यानं?

भाची : हिशेबवह्यांनी. दानी केन नावाचा त्यांच्यातलाच एक खबऱ्या होता, त्यानं आतल्या बैठकांची माहिती दिली. मारेकरी साक्षीदार झाले. नोमॅड्सचा रोख पैसा माँट्रियलच्या एका साध्या फ्लॅटमध्ये मोजला जायचा; पोलिसांनी तो शोधला आणि कुणाकडून किती आले, कुणी किती उचलले हे कागदावर मिळालं. २८ मार्च २००१ ला पहाटे क्युबेकभर धाडी घातल्या, शंभराहून जास्त पकडले. नोमॅड्सचं कंबरडं मोडलं ते त्या दिवशी. त्यात एकाही जाकिटावर बंदी नव्हती.

मामा : पण फोन टेप करायला वर्षाची परवानगी १९९७ च्या त्याच कायद्यानं दिली होती ना? तू ज्याला कठोर कायदा म्हणून नाक मुरडतेस, त्याचं ते हत्यार.

भाची : ते हत्यार मला मान्य आहे. न्यायाधीशाच्या परवानगीनं फोन ऐका, पैसा गोठवा. पण त्या यशानं डोकं फिरलं आणि सगळ्यांना एकाच जाळ्यात ओढायची सवय लागली. एप्रिल २००९ मध्ये क्युबेकमधले जवळजवळ सगळे हेल्स एंजल्स एकदम उचलले, दीडशेच्या वर. एवढे आरोपी, एवढा पुरावा, की खटला हलेना. २०११ मध्ये न्यायाधीश जेम्स ब्रंटन यांनी दिरंगाईमुळे एकतीस जणांना सोडलं. २०१५ मध्ये खुनाच्या आरोपातले आणखी पाच सुटले, कारण बचाव पक्षाला द्यायचा पुरावा सरकारनं वेळेवर दिलाच नव्हता. त्यांना मी सोडवलं नाही, तुमच्या बाजूच्या घाईनं सोडवलं.

मामा : हे मात्र झोंबतं. आमच्याकडेही मोक्का लावला की तपास झाल्यासारखं वाटायला लागलं काही जणांना. जामीन मिळत नाही, मग घाई कशाला?

भाची : आणि तो कुणाकुणाला लागला! तेलगी मुद्रांक घोटाळ्यात मुंबईच्या माजी पोलीस आयुक्तांनाच मोक्काखाली अटक झाली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जामीन दिला, कायद्यातली जामिनाची अट किती ताणायची त्याची मर्यादा त्याच निकालात घालून दिली. पुढे ते आरोपमुक्तही झाले. ज्या खात्यानं हे हत्यार मागून घेतलं, त्याचाच प्रमुख त्याच्या टोकावर आला.

मामा : त्या प्रकरणावर मी बोलणार नाही.

भाची : नका बोलू. पण मग सरकारनं दर वेळी सिद्ध करावं, या आग्रहाला वेडेपणा तरी म्हणू नका.

मामा : नाही म्हणत. पण आता माझं ऐक. दर वेळी सिद्ध करायचं म्हणजे दर वेळी कुणीतरी बॅरीचा व्यापारी हवा. समोर कवटीवाले, अंगाला मायक्रोफोन बांधलेला. तो थरथरला असता तर? तुझा आरोपी वकील करतो, सरकार वकील करतं. तुझ्या तत्त्वाची किंमत मोजतो तो साक्षीदार. मी असे साक्षीदार कोर्टाच्या पायरीवरून परत गेलेले पाहिलेत. आईची शपथ घेऊन सांगायचे, साहेब, मला काही आठवत नाही. बंदी असती तर त्या बिचाऱ्याला तोंड उघडायची वेळच आली नसती.

भाची : याचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. एवढंच म्हणेन, की बंदीच्या अंमलबजावणीला लागणारा पैसा आणि माणूसबळ साक्षीदाराच्या संरक्षणाला द्या. नवं नाव, नवं गाव, नोकरी. आणि शक्य तिथं साक्षीदाराऐवजी हिशेब उभा करा. वहीला धमकी देता येत नाही.

मामा : हिशेब दरवेळी सापडत नाही. म्हणून माझी मागणी मी सोडणार नाही, फक्त तिला अट घालतो. बंदी असावी, ती न्यायालयानं घालावी आणि तिला मुदत असावी. ठरावीक वर्षांनी सरकारनं पुन्हा न्यायालयात येऊन सिद्ध करावं, की हा क्लब अजूनही गुन्ह्यावर जगतो. नाही जमलं, तर बंदी आपोआप गेली.

भाची : म्हणजे तुम्हीही सरकारला पुन्हा पुन्हा सिद्ध करायला लावताय. माझ्यात नि तुमच्यात फरक काय राहिला?

मामा : मुदतीचा. तू म्हणतेस प्रत्येक खटल्यात, मी म्हणतो काही वर्षांतून एकदा. मधल्या काळात एकाही व्यापाऱ्याला कवटीसमोर एकटं बसावं लागू नये, एवढंच मला हवंय.

भाची : आणि मला हवंय, की त्याच मधल्या काळात पबमध्ये बिअर पिणारा एकही माणूस नुसत्या जाकिटापायी आत जाऊ नये. तुमच्या बंदीत त्याची सोय काय, ते लिहून द्या. मग मी तुमचा मसुदा वाचते.